पितळेचे दोन डाग

लग्नाला गेलो की मी आधी मांडवात जात नाही. मांडवाबाहेर पाहुण्यांच्या गाड्या उभ्या असतात, त्यांच्याकडे जातो. बोनेटचा एक कोपरा दाबायचा, सोडायचा आणि गाडी कितीदा वरखाली होते ते मोजायचं. नवरदेवाच्या मामाची गाडी तीनदा हलली, की माझं अर्धं जेवण तिथेच संपतं. उरलेलं अर्धं मामाला शोधण्यात जातं. मागे वरोऱ्याला मी नवरदेवाच्या सजवलेल्या गाडीचंच बोनेट दाबलं आणि झेंडूची आख्खी माळ तुटून खाली आली. मुलीकडच्यांनी विचारलं, "हे कोण?" माझी बायको शेजारीच उभी होती. ती म्हणाली, "काय मालूम बापा, मी नाई ओळखत."

दाबतो ते डाव्या हातानं. मी डावखुरा नाही. त्याचं कारण पुढे येईलच.

संपादकांनी पत्रात लिहिलं होतं की, गॅरेजमधले गमतीदार अनुभव पाठवा. चंद्रपूरच्या मूल रस्त्यावर मी आयुष्य गाड्यांखाली पाठीवर झोपून काढलं. गमती पुष्कळ आहेत. पण लिहायला बसलो की गमतीच्या आधी राग वर येतो, आणि या वयात त्याला परत खाली दाबणं जमत नाही. तेव्हा रागच लिहितो. मधे हसू आलं तर हसून घ्या.

ऐंशीच्या दशकात आमच्या भागात आठशे सीसीची ती छोटी गाडी आली, तेव्हा मी स्वतःला मोठा मिस्त्री समजत होतो. जीप, ट्रक, जंगलातून लाकूड ओढणाऱ्या गाड्या, सगळ्यांच्या पोटात माझा हात फिरलेला. या गाड्यांची कमान पाट्यांची असते. एकावर एक लोखंडी पट्ट्या. गाडी बसली की आम्ही एक पाटा वाढवायचो, संपलं काम. मालकाची पाठ दुखली तर तो त्याच्या पाठीचा प्रश्न.

या नव्या गाडीचं पुढचं चाक मात्र वेगळंच. स्प्रिंग आणि शॉकप एकाच दांड्यात, आणि त्याच दांड्यावर चाक उभं. पुस्तकात त्याला स्ट्रट म्हणतात, आम्ही सगळ्यालाच शॉकप म्हणायचो. पहिल्यांदा तो काढला तेव्हा मला कोणी सांगितलं नव्हतं की वरचा नट सोडायच्या आधी स्प्रिंग आवळून धरावी लागते. मी सरळ नट सोडला. स्प्रिंग माझ्या कानाजवळून गेली आणि टिनाच्या छपरातून पार झाली. ते भोक मी बुजवलं नाही. नवीन माणूस कामावर आला की त्याला आधी भोकाखाली उभं करायचं आणि वर बघ म्हणायचं. एवढं शिक्षण पुरतं.

शॉकप म्हणजे काय, हे गाडी बाळगणाऱ्या दहातल्या आठ जणांना ठाऊक नसतं, म्हणून सांगतो. खड्ड्यात गाडी पडली की स्प्रिंग तिला झेलते. पण स्प्रिंगला झेलणं येतं, थांबणं येत नाही. ती नाचतच राहते. तिला थांबवायचं काम शॉकपचं. एक नळकांडं, त्यात तेल, तेलात दट्ट्या, दट्ट्याला बारीक भोकं. तेल त्या भोकांतून सावकाश जातं, म्हणून गाडीही सावकाश बसते. देवळातली वाजणारी घंटा हात ठेवला की गप्प होते ना, तसा तो हात. हात गेला की गाडी वळणावर तरंगते, ब्रेक मारला की नाक जमिनीला लावते, टायर ठिकठिकाणी खाल्लं जातं. आणि हे सगळं इतकं हळूहळू होतं की मालकाला समजत नाही. तो म्हणतो, "चालून राह्यली ना भाऊ."

या वाक्यावर माझा पहिला राग. शॉकप नसला तरी गाडी चालतेच. थांबायचं असतं तेव्हा त्याची गरज पडते.

दुसरा राग एकच शॉकप बदला म्हणणाऱ्यांवर. ऊर्जानगरातल्या एका साहेबांनी मला कागदावर आकृती काढून पटवलं होतं, की डावा गळतो तर उजव्याला शिक्षा कशाला. सावलीकडच्या एका शेतकऱ्याला मी हेच सांगितलं तेव्हा तो म्हणाला, "नवा गोऱ्हा अन् म्हातारा बैल एका जुवाले कोण बांधते जी?" साहेब इंजिनिअर होते, शेतकरी चौथी नापास. कोणाची गाडी सरळ चालली ते सांगत नाही.

आता तिसरा राग. तो माझ्यावर.

आलापल्लीकडचा एक तेंदूपत्त्याचा ठेकेदार होता. त्याच्या आठशेच्या दोन्ही पुढच्या शॉकपमधलं तेल गळून गेलेलं. दोन दिवसांवर मुलीचं लग्न, आणि नवे शॉकप नागपूरहून येईपर्यंत आठवडा जाणार. तो गॅरेजात येऊन बसला. उठेचना. "सुधाकरभाऊ, काही कर. जावई याच गाडीत बसनार आहे."

तेव्हा शॉकप भरून देणारे मिस्त्री होते. नळकांड्याला भोक पाडायचं, घाण काढायची, नवं तेल घालायचं आणि भोकावर पितळेचा डाग द्यायचा. गॅसच्या ज्योतीवर पितळ वितळवून सांधा बुजवतात, त्याला आमच्या धंद्यात डाग देणं म्हणतात. माझ्याकडे सगळं होतं, शॉकपचं तेल मात्र नव्हतं. इंजिनचं तेल जाड पडत होतं. मी जेवायला घरी आलो. बायकोनं ताटात भात वाढला, बाजूला जवसाची चटणी ठेवली, आणि माझ्या डोक्यात वीज चमकली.

माझी सासुरवाडी सावलीजवळ. तिकडे धान निघालं की त्याच बांधीत, म्हणजे भाताच्या खाचरात, जवस येतो, आणि दरवर्षी सासूबाई एक डबा जवसाचं तेल पाठवतात. पातळ, चिकट नाही, स्वच्छ. मी डबा उचलला. गुरांच्या डॉक्टरकडून मोठी सिरिंज आणली, दोन्ही शॉकप भरले, डाग दिले. आणि मोठेपणा बघा, भोक बुजवणाऱ्या डागाशेजारी विनाकारण दुसरा एक डाग दिला. चित्रकार चित्राखाली सही करतो ना, तशी माझी सही. आमच्याकडे बायका दागिन्यालाही डाग म्हणतात. मी त्या नळकांड्याला दागिनाच घातला होता.

गाडी बोनेट दाबल्यावर एकदा वर आली आणि थांबली. ठेकेदारानं मला मिठी मारली. जावई आरामात गेला. माझी बायको रिकामा डबा घेऊन दारात उभी होती, ते इथे लिहीत नाही.

पुढचा महिनाभर मी चहाच्या टपरीवर दुसरं काही बोललोच नाही. वरोऱ्याचा मिस्त्री आला, त्याला सांगितलं. गडचिरोलीचा आला, त्याला करून दाखवलं. विद्या दिल्यानं वाढते असं शाळेत शिकलो होतो. जवळजवळ वीस गाड्यांचे शॉकप मी तसे भरले, प्रत्येकाला दोन डाग.

मग पाच-सहा महिन्यांनी त्या गाड्या एकेक करून परत येऊ लागल्या. कोणाचा शॉकप दगडासारखा, कोणाचा अर्धा मोकळा. मी एक कापून पाहिला. आत तेल नव्हतंच. मधासारखा पिवळा चिकटा होता, दट्ट्याची भोकं त्यानं बुजलेली.

आमच्या गल्लीतला म्हातारा सुतार खाटेच्या पायांना जवसाचं तेल चोळत बसलेला असायचा. त्याला विचारलं. तो माझ्याकडे असा पाहू लागला, जणू मी पाणी ओलं असतं का असं विचारलं. "जवसाचं तेल सुकते बावा. सुकते म्हनून तं लाकडाले लावतेत. इतकं तुले नाई मालूम?"

मालूम होतं. झाडीपट्टीतल्या शेंबड्या पोरालाही मालूम असतं. माझ्या घरच्या खाटेलाही तेच तेल लावलेलं होतं, आणि मी त्याच खाटेवर झोपून स्वतःच्या हुशारीचा विचार करत होतो.

मी ते भरणं बंद केलं. परत आलेले शॉकप काढून भंगारवाल्याला देऊन टाकले. ज्यांचे बिघडले त्यांना नवे बसवून दिले. आणि कोणाला काही सांगितलं नाही. टपरीवर लोक विचारायचे, "सुधाकरभाऊ, तुमचा जवसाचा फार्मूला काय म्हनते?" मी म्हणायचो, "आता वेळ नाई भेटत."

यश चौकात सांगितलं आणि अपयश घडी करून पेटीत ठेवलं. या एका गोष्टीसाठी मी हा लेख लिहितो आहे.

सावलीला एक डॉक्टरबाई होत्या, डॉक्टर मेश्रामबाई. त्यांचे वडील दुसऱ्याच्या धानात राबलेले, आणि मुलगी नागपूरला डॉक्टरकी शिकून परत आपल्या गावी आलेली. लहानसं बाळंतपणाचं हॉस्पिटल होतं त्यांचं. मूल आडवं आलं, की आजूबाजूच्या गावांतली माणसं एकच वाक्य बोलायची, "बाईचा हात लागू द्या." तो उजवा हात. पोटावरून चाचपत त्या आतलं मूल सरळ करायच्या, असं बाया सांगत. आणि ज्या बाईला ऑपरेशनच लागणार, तिला स्वतःच्या आठशेत मागच्या सीटवर झोपवून स्वतः गाडी चालवत चंद्रपूरला आणायच्या. दुसरी गाडी कुठली त्या भागात.

एका दिवाळीनंतर त्या गॅरेजात आल्या. "सुधाकरभाऊ, गाडी नाचून राह्यली. मागच्या फेरीत पेशंट दर खड्ड्याले ओरडत होती. माझ्यानं ऐकवेना."

मी बोनेट दाबलं. गाडी तीनदा हलली. वाकून पाहिलं तर दोन्ही शॉकप तेलानं माखलेले. "भरून नाई देत बाई," मी म्हटलं. "तुमच्या गाडीले नवेच टाकू. जोडी." हे म्हणताना मला स्वतःचा फार अभिमान वाटला.

तोवर चंद्रपुरातल्या एका दुकानातही आठशेचे शॉकप मिळू लागले होते, तिथून नवी जोडी आणली. दुकानदाराचं नाव लिहीत नाही, त्याची नातवंडं भली माणसं आहेत. काळाभोर रंग, खोकं, खोक्यात कागद. शॉकप बसवायच्या आधी उभा धरून चार-पाच वेळा दाबायचा असतो, म्हणजे आतली हवा वर येते आणि हाताला त्याचा जोर समजतो. दाबले. एक चांगलाच कडक लागला, दुसरा जरा नरम. जोडीतले दोन कधी असे वेगळे लागत नाहीत. ते हाताला समजलं होतं. पण बाईंच्या हॉस्पिटलात एक बाई अडलेली होती, डॉक्टरबाई दर पाच मिनिटांनी घड्याळ बघत होत्या, आणि मी मनाशी म्हटलं, नवा आहे, चालून चालून सारखा होईल. म्हणजे ज्या वाक्यावर माझा पहिला राग, तेच वाक्य मी म्हटलं. फक्त मनात म्हटलं म्हणून ऐकू आलं नाही.

दीड-दोन महिन्यांनी निरोप आला. सावलीच्या पुढे, बोडीच्या, म्हणजे लहान तळ्याच्या, पाळीजवळच्या वळणावर बाईंची गाडी खाली गेली होती. मागे एक अडलेली बाई होती. मी गाडी ओढून आणायला गेलो. वळणावर एक उंचवटा होता, त्यावरून गाडीचं एक चाक बसलं आणि दुसरं बसलंच नाही, हवेत उचललं गेलं. गाडी शेताच्या धुऱ्यावरून, म्हणजे बांधावरून, घसरून बांधीत उभी होती. बांधीभर जवसाची निळी फुलं. तरी माझ्या डोक्यात काही आलं नाही.

तिथल्या माणसांनी सांगितलं. बाईंनी पेशंटला मागून आलेल्या ट्रॅक्टरवर घातलं, आधी तिला पाठवलं. ती सुखरूप पोचली, मुलगी झाली. बाई तोवर धुऱ्यावर बसून होत्या, उजवं मनगट डाव्या हातात धरून. मनगटाची दोन हाडं मोडली होती.

आणि मी काय केलं? गाडी गॅरेजात लावली आणि येईल त्याला सांगू लागलो, "शॉकप तं नवेच टाकले होते मी. बाई जोरात चालवत असतील." दोन दिवस सांगितलं. आजही हे वाक्य आठवलं की जेवण जात नाही.

ते सिद्ध करायला म्हणून तिसऱ्या दिवशी सकाळी मी दोन्ही शॉकप काढले. एक आवळून बसलेला, दुसऱ्यात जीव नाही. काढताना सांध्यातून थोडं तेल ओघळलं, शर्टाला लागलं. दुपारी तसाच जेवायला घरी गेलो. बायको ताट घेऊन आली, थांबली, आणि माझ्या शर्टाजवळ नाक आणलं.

"पुन्हा माह्या जवसाच्या डब्याले हात लावला का तुमी?"

"नाई बा."

"मंग हा वास काऊन येऊन राह्यला? मले शिकवू नका. डबा दाखवा."

डबा भरलेला होता. तिनं झाकण उघडून पाहिलं आणि पुन्हा शर्टाचा वास घेतला. मी ताटावरून उठलो.

गॅरेजात येऊन तो काळा रंग कानशीनं खरवडला. खाली पितळ चमकलं. एक डाग. त्याच्या शेजारी दुसरा.

मी दोन्ही शॉकप काखेत घेऊन दुकानात गेलो. रस्त्यात तयार केलेल्या शिव्या इथे छापता येणार नाहीत, आणि तिथे एकही आठवली नाही. मी शॉकप काउंटरवर आपटला. काच फुटली. दुकानदार शांतपणे म्हणाला, "बसा भाऊ. पानी घ्या."

"भंगारातला माल रंग मारून विकता तुमी. डॉक्टरबाईचा हात मोडला."

त्यानं शॉकप उचलला, चष्मा लावला, दोन डागांवरून बोट फिरवलं. "माल तं तुमचाच आहे ना, सुधाकरभाऊ. हे दोन टिपके बघूनच मी घेतले भंगारवाल्याकडून. म्हटलं सुधाकरभाऊचं काम, पक्कं असन. बिघडते म्हणून तुमी कधी सांगतलं?"

तो चोर होता, यात मला तेव्हाही शंका नव्हती आणि आताही नाही. जुना माल नव्या खोक्यात घालणारा चोरच. पण चोरानं सरळ प्रश्न विचारला तर त्याचंही उत्तर द्यावं लागतं. मी फुटलेली काच वेचली. बोट कापलं. त्यानंच चिंधी बांधून दिली, याचा राग वेगळाच.

दुसऱ्या दिवशी सावलीला गेलो. बाई व्हरांड्यात बसल्या होत्या, हात प्लास्टरमध्ये, डाव्या हातानं वाकडंतिकडं काहीतरी लिहीत. मी सगळं सांगितलं. ठेकेदार, जवस, दोन डाग, भंगार, कडक-नरम, सगळं. त्यांच्यावर ढकलत होतो तेही सांगितलं. बाईंनी पेन खाली ठेवलं.

मग म्हणाल्या, "सुधाकरभाऊ, एखाद्या औषधानं माझ्या पेशंटले त्रास झाला, तर मी पहिले दुसऱ्या डॉक्टरांना कळवते. लाज वाटते, तरी कळवते. तुम्ही कोणाले कळवलं?"

"कोणालेच नाई बाई."

"मग इथी काय करून राह्यले?"

एवढंच. चहाही विचारला नाही. बरं केलं.

मी तिथूनच निघालो. गडचिरोलीच्या मिस्त्रीकडे, मग मूल, मग चंद्रपुरातली सगळी गॅरेजं, शेवटी वरोरा. प्रत्येकाला उभं राहून सांगितलं, की जवसाचं तेल शॉकपमध्ये सुकतं, मी हुकलो, दोन डागवाला शॉकप दिसला तर कापून टाका. वरोऱ्याचा मिस्त्री हसला. म्हणाला, "आमी तं सहा महिन्यांआधीच सोडलं ते. तुमाले वाईट वाटन म्हणून बोललो नाई." म्हणजे तोही अपयश पेटीत घालून बसलेला. मला त्याचा इतका राग आला, की परतीच्या रस्त्यावर मी हसू लागलो. माझीच चूक दुसऱ्यानंही केलेली पाहिली तर माणूस आणखी काय करणार.

नव्या शॉकपसाठी मी स्वतः नागपूरला गेलो. दुकानातच जोडी उभी धरून दोन्ही दाबून पाहिले, सारखे लागले तेव्हाच घेतले. वरचे रबर, बेअरिंग, सगळं नवं घातलं.

बाईंचं प्लास्टर निघालं, पण मनगट पुरतं वळेना. औषधं द्यायच्या, टाके घालायच्या. आडवं मूल सरळ करणं मात्र गेलं. गावातल्या बाया सवयीनं म्हणायच्या, "बाईचा हात लागू द्या," आणि बाई म्हणायच्या, "चंद्रपूरले जाऊ." म्हणून त्या गाडीच्या फेऱ्या वाढल्या. पुढची कित्येक वर्षं ती गाडी माझ्याचकडे येत राहिली. दुसरीकडे का नेत नाहीत, हे विचारायची माझी हिंमत झाली नाही.

दर वेळी काम झालं की बाई पुढे यायच्या. बोनेटच्या एका कोपऱ्यावर डावा हात ठेवायच्या, दाबायच्या आणि सोडायच्या. मग दुसऱ्या कोपऱ्यावर. मी हात पुसायचं फडकं हातात धरून बाजूला उभा. गाडी एकदा वर यायची आणि थांबायची.

"किल्ली द्या," बाई म्हणायच्या.